भावनांची मुळाक्षरे : साने गुरुजी

मूल बोलू लागले की घरातली सगळी माणसे त्याला नावे शिकवण्याच्या मागे लागतात. हा काऊ, ही चिऊ, हा चांदोमामा. आपल्या किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातले पोर तर पुरते चार शब्द बोलता येण्यापूर्वी बांगडा कोणता आणि मांदेली कोणती हे बोट दाखवून सांगते. पण त्याच पोराच्या मनात जे उसळते, दाटते, सलते, त्याचे नाव त्याला सहसा कोणी सांगत नाही. ते रडले की आपण खाऊ देऊन गप्प करतो. खाऊने भागले नाही तर बागुलबुवा बोलावतो. आणि मुलगा असेल व जरा मोठा झालेला असेल, तर मुलींसारखा काय रडतोस म्हणून त्याला चारचौघांत लाजवतो.

वास्तविक आपली मराठी या बाबतीत मुळीच दरिद्री नाही. रागावणे निराळे, रुसणे निराळे आणि हिरमुसणे त्याहून निराळे. भीती वेगळी, धास्ती वेगळी. चूक उघडकीला आली की माणूस ओशाळतो. उघडकीला आली नाही तरी त्याला आतल्या आत चुटपुट लागते. हेवा, खंत, हुरहूर, गहिवर, उमाळा, असे किती तरी शब्द आजीच्या तोंडी सहज असतात. आपली मात्र त्यांच्याशी गाठ पडते ती बहुधा व्याकरणाच्या प्रश्नपत्रिकेत, वाक्यात उपयोग करा म्हणून.

हे शब्द त्यांच्या प्रसंगांसकट मराठी मुलांच्या हाती कोणी दिले असतील, तर ते पांडुरंग सदाशिव साने यांनी. साने गुरुजी हे बालमानसशास्त्रज्ञ नव्हते. त्यांनी कधी बालवाडी चालवली नाही. शिक्षक म्हणूनही त्यांनी जेमतेम सहा वर्षे नोकरी केली. तरीही लहान मुलाला त्याचे मन त्याला समजेल अशा भाषेत दाखवण्याचे जे काम त्यांच्या लेखणीने केले, त्याला आपल्याकडे दुसरी जोड सापडणे कठीण. त्यांचे चरित्र आपण शाळेत दहा ओळींत पाठ केलेले असते : जन्म, शिक्षण, तुरुंगवास, ग्रंथसंपदा, मृत्यू. या लेखात ते एका वेगळ्या बाजूने पाहण्याचा विचार आहे.

आपल्या श्रीवर्धन तालुक्यातील बागमांडल्याहून खाडी ओलांडली की वेशवी येते आणि रत्नागिरी जिल्हा सुरू होतो. पुढे मंडणगड मागे टाकून दापोली तालुक्यात शिरले की पालगड. या गावी २४ डिसेंबर १८९९ रोजी गुरुजींचा जन्म झाला. म्हणजे प्रदेश आपलाच म्हणावा असा. तीच लाल माती, तीच भातशेती, तोच चार महिन्यांचा पाऊस आणि तीच मुंबईच्या मनिऑर्डरीकडे लागलेली घरे. घराणे खोताचे. खोत म्हणजे गावाचा सारा वसूल करणारा, गावात मान असलेला माणूस. पण वडील सदाशिवराव यांच्या वेळेपर्यंत घराला उतरती कळा लागली होती. भाऊबंदकी झाली, कर्ज वाढले, मोठ्या घरातून बाहेर पडावे लागले आणि खोताची बायको म्हणून आलेल्या यशोदाबाईंना झोपडीवजा घरात संसार मांडावा लागला. पांडुरंगाला बालपणी मिळाले ते हे वैभवाचे सांगाडे. आणि आई.

या आईविषयी मराठीत इतके लिहिले गेले आहे, की ती खरी बाई होती हेच आपण विसरून जातो. तिला मोठे शिक्षण नव्हते. ओव्या, कहाण्या, स्तोत्रे, व्रतवैकल्ये हीच तिची शाळा. दारिद्र्याने गांजलेली, तापाने खंगलेली, मुलांच्या मागे धावून थकलेली ती एक कोकणी गृहिणी होती. तिच्यापाशी एक गोष्ट मात्र होती. मुलाच्या मनात काही घडले की ती ते तसेच जाऊ देत नसे. त्याच वेळी, हातातले काम चालू असतानाच, त्या घडण्याचा अर्थ ती त्याला सांगे. यासाठी ती वेगळी वेळ काढीत नसे, पाटावर बसवून उपदेशही करीत नसे. निमित्त असे ते भाजीचे, फुलांचे, पत्रावळीचे किंवा धुतलेल्या पायांचे.

पोहण्याचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे, पण तो पुन्हा नीट पाहण्याजोगा आहे. कोकणात पोहता न येणारा मुलगा म्हणजे चेष्टेचा विषय. गावातली पोरे विहिरीवर जमतात, श्याम मात्र घरातच लपून बसतो. त्याला पाण्याची भीती वाटते आणि ती भीती कबूल करण्याची लाजही वाटते. आई त्याला शोधून काढते, शिंपटीने मारते आणि विहिरीवर पाठवते. तो पाण्यात पडतो, हातपाय मारतो, तरतो. घरी येतो तो रुसलेलाच. जेवताना आई त्याच्या पुढे दही ठेवते, अंगावरचे वळ पाहते, त्यांना तेल लावायला सांगते आणि मग आपण का मारले याचा उलगडा करते. आपल्या मुलाला लोकांनी भित्रा म्हणावे हे तिला सोसवत नव्हते. एवढ्याशा प्रसंगात किती भावना आहेत पहा. मुलाची भीती, भीतीवर पांघरलेली लाज, मार खाल्ल्याचा राग, पोहता आल्याचा लपवलेला आनंद, त्यावर रुसवा. आणि आईच्या बाजूने मुलाच्या अब्रूची काळजी व मारल्याचे दुःख. लहान वाचकाला पहिल्यांदाच कळते की राग आणि माया एकाच माणसात एकाच दिवशी राहू शकतात. मोठ्यांनाही हे कळायला कधी कधी जन्म जातो.

येथे एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. शिंपटीचे समर्थन आज कोणी करू नये. भ्यालेल्या मुलाला मारून भीती जात नाही, ती आत दडून बसते. आजची कोणतीही बालवाडीची ताई हेच सांगेल. त्या प्रसंगात मुलाच्या उपयोगी पडले असेल तर ते शिंपटीनंतरचे दही, तेल आणि बोलणे. आपल्या घरांतून शिंपटी सहज चालते, बोलणे मात्र कित्येकदा राहून जाते.

अळणी भाजीची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. रताळीच्या पाल्याच्या भाजीत आई मीठ घालायला विसरली. वडिलांनी भाजी मुकाट्याने खाल्ली, उलट चांगली झाली म्हणाले. त्यांचे पाहून मुलांनीही तोंड वेडेवाकडे केले नाही. मागाहून आई जेवायला बसली तेव्हा तिला कळले आणि तिचा जीव चुटपुटला. सर्वांना अळणी खावे लागले याचे तिला वाईट वाटले, आणि तिला वाईट वाटू नये म्हणून सर्वांनी अळणी खाल्ले होते. दुसऱ्याच्या मनात काय चालले असेल याचा अंदाज बांधणे ही लहान मुलाला फार अवघड गोष्ट. गुरुजींनी ती एका भाजीत दाखवली. त्यासाठी त्यांना एकही जड शब्द वापरावा लागला नाही.

मुक्या फुलांचे तसेच. पूजेसाठी फुले आपल्यालाच अधिक मिळावीत म्हणून मुले चढाओढीने कळ्याच खुडून आणतात. आई सांगते की फुलाला बोलता येत नाही, म्हणून त्याला काही वाटत नाही असे समजू नये. आंघोळीनंतर तळव्यांना माती लागू नये म्हणून हट्ट धरणाऱ्या श्यामसाठी ती आपले लुगडे दगडावर पसरते आणि मग पायांइतकेच मनालाही जपायला सांगते. धाकट्या भावाला कोट हवा असतो, तेव्हा खाऊचे पैसे साठवून श्याम त्याला तो शिववतो. पैशाच्या चोरीची एक रात्र आहे. तिथे शरम म्हणजे काय हे वाचणाऱ्या मुलाच्या कानशिलांना कळते.

शिक्षणासाठी पांडुरंग दापोलीस राहिला. पुढे घरची परिस्थिती पाहून औंध संस्थानात गेला, कारण तेथे गरीब विद्यार्थ्यांची सोय होत असे. त्यानंतर पुणे. उपाशी राहणे, दुसऱ्याच्या दारी जेवणे, अपमान गिळणे हे सारे त्याने भरपूर केले. १९१७ साली आई वारली. मुलगा दूर होता. तो पालगडला पोहोचला तेव्हा सारे संपले होते. शेवटची भेट झाली नाही. पुढच्या आयुष्यात गुरुजींनी जे जे लिहिले, त्याच्या मुळाशी ही न झालेली भेट आहे असे मला वाटते. जे तिला सांगायचे राहिले, ते त्यांनी साऱ्या महाराष्ट्राच्या मुलांना सांगितले.

पुण्याच्या न्यू पूना कॉलेजात, म्हणजे आजच्या स. प. महाविद्यालयात, त्यांनी पदवी घेतली. पुढे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी ते खानदेशात अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात गेले. त्या मंदिरात त्यांचे मन फारसे रमले नाही. १९२४ साली ते तेथल्याच प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि वसतिगृहाचे कामही त्यांच्याकडे आले. त्या वसतिगृहात घडले ते शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्याने आवर्जून अभ्यासावे असे आहे.

घर सोडून आलेली खेड्यापाड्यांतली मुले. काही हिरमुसलेली, काही उद्धट, काही रात्री पांघरुणात तोंड खुपसून रडणारी. या मुलांचे विस्कटलेले अंथरूण गुरुजी स्वतः आवरून ठेवीत, खोली झाडीत, मळके कपडे धुवून टाकीत, आणि त्याविषयी अवाक्षर काढीत नसत. मूल परत आले की त्याला ते दिसे आणि ते ओशाळे. शिक्षा नाही, रागावणे नाही. पण मनात काहीतरी हलले हे त्या मुलाला नक्की कळत असे. त्याच्याच जोडीला त्यांनी वसतिगृहासाठी हाताने लिहिलेले दैनिक सुरू केले. रात्री जागून ते स्वतः लिहीत आणि सकाळी मुलांसाठी लावून ठेवीत. १९२८ पासून 'विद्यार्थी' हे मासिकही निघू लागले. रोज सकाळी उठून आपल्याच वसतिगृहातले जगणे शब्दांत वाचायला मिळणे ही त्या मुलांना केवढी चैन होती! आपल्या आजच्या वसतिगृहांच्या फलकांवर फक्त दंडाच्या आणि थकबाकीच्या सूचना असतात, हे जाता जाता नमूद करायला हरकत नाही.

१९३० साली कायदेभंगाची चळवळ सुरू झाली. गुरुजींनी नोकरी सोडली. त्यानंतरची त्यांची बरीच वर्षे तुरुंगात आणि चळवळीत गेली : धुळे, त्रिचनापल्ली, नाशिक. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत आणि गुरुजी ते उतरवून घेत. आज आपण गीता प्रवचने म्हणून जो ग्रंथ वाचतो, तो गुरुजींच्या त्या भरधाव लेखणीमुळे हाती आला. विनोबा तर आपल्याच पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. दोघेही आईने घडवलेले. विनोबांची गीताई आईच्या इच्छेतून जन्मली आणि गुरुजींचे सर्वांत गाजलेले पुस्तक आईच्या आठवणीतून. पण स्वभाव किती वेगळे! विनोबा विकारांना दूर उभे करून न्याहाळीत. गुरुजी भावनेच्या प्रवाहात उतरूनच बोलत. एकाने मनाला आवरायला शिकवले, दुसऱ्याने मन उघडायला. मुलांना आधी कोणते हवे, याचे उत्तर मला तरी अवघड वाटत नाही. जे काय आहे हेच ठाऊक नाही, ते आवरणार कसे?

नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये, ९ तारखेला आरंभ करून १३ तारखेच्या पहाटेपर्यंत, गुरुजींनी 'श्यामची आई'चा बहुतेक भाग लिहून काढला. पुस्तक म्हणून ते १९३५ साली बाहेर आले. त्यात बेचाळीस रात्री आहेत. या पुस्तकाची रचना मला फार अर्थपूर्ण वाटते. श्याम मोठा झाला आहे, आश्रमात राहतो, आणि रोज रात्री मित्रांना व गावकऱ्यांना एकेक आठवण सांगतो. ऐकणारे ऐकतात, हळहळतात, कधी डोळे पुसतात. म्हणजे लहानपणी जे सोसले, अनुभवले, त्याला मोठेपणी माणसांच्या वर्तुळात बसून नाव दिले जाते. तुरुंगातही गुरुजींनी या आठवणी आधी सोबत्यांना सांगितलेल्या होत्या. भावना ओळखायला शब्द लागतात तसा ऐकणाराही लागतो, हे गुरुजींना अनुभवाने माहीत असावे.

आणि हे शब्द त्यांनी आणले कोठून? पुस्तकी मराठीतून निश्चित नाही. 'स्त्री जीवन' या नावाने त्यांनी बायकांच्या ओव्या गोळा करून प्रसिद्ध केल्या, हे आपण विसरतो. पहाटे जात्यावर बसलेली बाई माहेरची हुरहूर, सासरचा सल, लेकराचे कौतुक, भावाची वाट पाहणे, सारे ओवीत घालीत असे. दिवसभर जे बोलायची चोरी, ते ती दळताना जात्याला सांगे. पुरुषांच्या भाषेत त्या काळी दुःखाला फारसा वाव नव्हता; पुरुषाने गंभीर राहावे, फार तर रागवावे. गुरुजींनी जात्यावरची भाषा उचलली आणि मुलग्याच्या तोंडी दिली. माझ्या मते हा त्यांचा खरा पराक्रम. श्याम पानोपानी रडतो याची आपण थट्टा करतो, परंतु मराठीत त्याच्यापूर्वी असा मोकळेपणाने रडणारा मुलगा मला दुसरा आठवत नाही.

थट्टा मात्र खूप झाली. हयातीतच त्यांना रडके गुरुजी म्हणून हिणवणारे होते. त्यांची भाषा भाबडी आहे, अश्रूंचा अतिरेक आहे, आईचे देवत्व डोईजड होते, हे आक्षेप आजही घेतले जातात. त्यांतले काही खरेही आहेत. श्यामच्या घरात मुलाच्या रागाला फार थोडी जागा आहे. तो रागावला की शेवटी चूक त्याचीच ठरते. आईवडिलांवर मुलाचा राग रास्तही असू शकतो, हे त्या काळाच्या चौकटीत बसणारे नव्हते. आई अमुक म्हणाली की भावनेचा निकाल लागला, असे बऱ्याच रात्री होते. आजच्या वाचकाला ते खटकावे, आणि खटकले तर बिघडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एका रात्री आई श्यामला अस्पृश्य मानलेल्या म्हातारीच्या डोक्यावर मोळी चढवायला मदत करण्यास सांगते आणि देवाला सारी सारखीच प्रिय आहेत हे त्याच्या मनावर ठसवते. प्रसंग हृदयस्पर्शी आहे. परंतु ही करुणा आहे. आणि करुणा वरून खाली वाहते. हे पुस्तक प्रसिद्ध होण्यापूर्वी आठ वर्षे, २० मार्च १९२७ रोजी, आपल्या महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग हजारो माणसे चवदार तळ्यावर गेली होती. ती करुणा मागायला गेली नव्हती, हक्क बजावायला गेली होती. कोणाची कीव येणे आणि कोणाचा आदर वाटणे या दोन भावनांतला फरक मुलांना शिकवायचा असेल, तर श्यामच्या शेजारी महाड ठेवावे लागेल. गुरुजी स्वतः मात्र करुणेपाशी थांबले नाहीत. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर दलित बांधवांना खुले व्हावे म्हणून त्यांनी महाराष्ट्रभर दौरा काढला आणि मे १९४७ मध्ये पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण केले. अखेर मंदिराची दारे उघडली. लहानपणी एका मोळीपाशी जे मनात आले, त्याला त्यांनी सत्तेचाळीसाव्या वर्षी कृतीत उतरवले. नुसता हळवा माणूस हे करीत नाही.

गांधीजींच्या हत्येनंतर त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. प्रांताप्रांतांतल्या माणसांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात म्हणून आंतरभारतीचे स्वप्न पाहिले. त्यांनी स्वतः त्रिचनापल्लीच्या तुरुंगात तमिळ शिकायला घेतली होती. या धकाधकीतही मुलांसाठीचे लेखन थांबले नाही. पुतणी सुधा हिला लिहिलेली पत्रे 'सुंदर पत्रे' या नावाने आपण वाचतो. पावसाचे, फुलांचे, समुद्राचे, देशातल्या घडामोडींचे त्यांत इतके आहे की ती एका लहान मुलीला लिहिली आहेत हे मधूनच विसरायला होते. तिला जे कळणार नाही ते सांगू नये, असे त्यांना कधी वाटलेले दिसत नाही. खिन्नता आली तर तीही ते लपवीत नाहीत.

आणि ती खिन्नता वाढत गेली. स्वराज्य आले, पण त्यांच्या मनातले आले नाही. ११ जून १९५० रोजी साने गुरुजींनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपवली. वय पन्नास.

शाळेच्या पुस्तकांत ही गोष्ट एका शब्दात उरकतात किंवा गाळतात. ती गाळू नये असे मला वाटते. हजारो मुलांना ज्यांनी दुःखाला नाव द्यायला शिकवले, त्यांना स्वतःचे दुःख पेलले नाही. यावरून त्यांचे शिकवणे फोल ठरवणारे लोक आहेत. मला तसे म्हणवत नाही. अमळनेरच्या मुलांना रात्री जागणारे गुरुजी होते, आश्रमातल्या श्यामला ऐकणारे मित्र होते. पन्नास वर्षांच्या गुरुजींना मात्र समाज आधार देणारा महापुरुष समजत होता. मोठ्या माणसाची, आणि त्यातून पुरुषाची, उदासी ही आजारासारखी ओळखून तिच्यावर उपचार करावेत, ही समज तेव्हा आपल्या समाजात जवळजवळ नव्हती. आज आपल्या महाविद्यालयांत समुपदेशनाची सोय असते. तिथे जाताना आजूबाजूला कोणी पाहत तर नाही ना, हे मुले अजून पाहतात.

गुरुजींच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी आचार्य अत्रे यांनी 'श्यामची आई' पडद्यावर आणला. वनमालाबाईंनी आई केली, माधव वझे यांनी श्याम. देशातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक त्याला मिळाले. चित्रपटगृहातल्या अंधारात तरी पुरुषांना रडायची मुभा होती.

आता अंगणवाड्यांतून मुलांना हसऱ्या, रडक्या, रागीट चेहऱ्यांची चित्रे दाखवतात आणि यातला तुझा चेहरा आज कोणता असे विचारतात. दोन-तीन वर्षांचे मूल आनंद, दुःख, राग, भीती एवढे ओळखू लागते. लाज, अभिमान, हेवा यांची समज मागाहून येते. ज्या घरांत मोठी माणसे मुलांशी भावनांविषयी बोलतात, तेथील मुलांना दुसऱ्याचे मन लवकर उमगते, असे बालमानसशास्त्राचे निरीक्षण आहे. पालगडच्या त्या घरात हेच होत होते, चित्रांच्या तक्त्याशिवाय.

आपल्या जिल्ह्यात, माणगाव तालुक्यात गोरेगावजवळ वडघर येथे, साने गुरुजींचे राष्ट्रीय स्मारक उभे आहे. तेथे मुलांची आणि तरुणांची शिबिरे भरतात. आपल्या वर्गातल्या काही मैत्रिणी पुढे अंगणवाडी, बालवाडीच्या कामाला जाणार आहेत. त्यांनी एकदा तेथे अवश्य जाऊन यावे. आणि मुलांना पोहण्याची ती रात्र वाचून दाखवायची झाली तर श्याम घरात लपून बसतो तेथेच पुस्तक मिटावे. आई शोधायला येण्यापूर्वी. श्यामला या क्षणी काय वाटत असेल, हे मुलांनाच विचारावे आणि त्यांची उत्तरे येईपर्यंत थांबावे. कोणी घाबरला म्हणेल, कोणी लाजला म्हणेल. कोणी काहीच म्हणणार नाही, नुसते पाहत राहील. त्या मुलाला नंतर जवळ घेऊन पुन्हा एकदा विचारावे.